नारळ फुटला तिथली कळी

माझ्या लॅपटॉपवर एक मेलेलं मशीन रोज सकाळी जिवंत होतं. चहा झाला, बाबांच्या गोळ्या झाल्या, की मी खिडकीपाशी बसते आणि एक आयकॉन दाबते. एक चौकट उघडते, तिच्यात अक्षरं भराभर वर सरकत जातात, आणि मग तो करड्या, बारीक ठिपक्यांचा पडदा येतो. आमच्या मिलच्या डिझाईन रूममध्ये हाच पडदा होता. तेव्हा त्याच्यासाठी अख्खी एसीची खोली लागायची आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आता मी गाऊनवर, मांडी घालून तो वापरते.

नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. सोंग इतकं चोख असतं, की आतलं जुनं सॉफ्टवेअर पुरतं फसतं. त्याला वाटतं, आपण अजून आपल्याच त्या जाडजूड डब्यात बसलोय आणि बाहेर मिलचा भोंगा होणार आहे. शेजारीण विचारते, एवढा चांगला लॅपटॉप घेतलास आणि त्यात हे जुनाट काय चालवतेस गं? मी म्हणते, तू नाही का नव्या कुकरात सासूचीच आमटी करत?

पण हे सगळं मी हौस म्हणून सुरू केलं नाही. ते बाबांसाठी सुरू केलं, आणि त्याचं मूळ एका नारळात आहे.

आम्ही लालबागचे. बाबा मिलमध्ये साचेखात्यात जॉबर होते, म्हणजे विणकामाच्या साच्यांवर देखरेख करणारे. कुठला साचा कण्हतोय हे त्यांना आवाजावरून कळायचं. संपानंतर ज्या थोड्या मिल चालू राहिल्या त्यातली ती एक. मी कापडाच्या डिझाईनचा डिप्लोमा केला आणि त्याच मिलच्या डिझाईन रूममध्ये लागले. बाबा खाली साचेखात्यात, मी वरच्या मजल्यावर. मी काढलेला काठ बाबांच्या साच्यावर विणला जायचा, ह्याचा त्यांना केवढा तोरा! डबा खाताना सगळ्या खात्याला ऐकवायचे.

डिझाईन रूममध्ये तेव्हा नवं वर्कस्टेशन आलं होतं. भला मोठा रंगीत पडदा, तीन बटणांचा माऊस, आणि शेजारी लोखंडी स्टँडवर बसवलेली एक रुंद चपटी पाटी. पाटीवर खास पेनाने काढलं, की रेघ पडद्यावर उमटायची. पाटीवर जिथे पेन, पडद्यावर बरोबर तिथेच रेघ. आमचे मास्तर, म्हणजे डिझाईन रूमचे प्रमुख, ठाकूरद्वारचे. पांढराशुभ्र सदरा, हळू बोलणं. आयुष्यभर आलेखाच्या कागदावर ब्रशने काठ काढलेला माणूस. आम्हाला वाटलं, हे काय आता ह्या वयात कॉम्प्युटर शिकणार! कप्पाळ आमचं. पंधरवड्यात ते त्या पाटीवर डावीकडून उजवीकडे एका दमात अशी वेल ओढायला लागले, की आम्ही काम सोडून बघत उभे राहायचो. पेन एकदा टेकलं की वेल पुरी होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा नेम.

मग दसरा आला. दसऱ्याला मिल बंद, म्हणून साच्यांची पूजा आदल्या दिवशी व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मग खात्यातला सर्वांत जुना माणूस साच्याच्या लोखंडी पायावर नारळ फोडायचा. नारळ साच्यावरच फुटला पाहिजे, त्याचं पाणी साच्याला लागलं पाहिजे, ही रीत. त्या वर्षी मास्तर म्हणाले, नवं मशीनसुद्धा मिलचंच आहे, त्याचीही पूजा करू. आणि नारळ फोडायला त्यांनी मानाने बाबांना वर बोलावलं.

बाबा धुतलेला शर्ट घालून आले. चपला बाहेर काढल्या. मशीनला हळदकुंकू लावलं, हात जोडले, नारळ हातात घेतला आणि आजूबाजूला बघितलं. अहो, नारळ फोडायला लोखंड पाहिजे ना! त्या खोलीत सगळं प्लास्टिक. लोखंड होतं ते फक्त पाटीच्या स्टँडला. मला कळलं, मी ‘बाबा!’ म्हणून ओरडले, पण तोवर त्यांनी सवयीने, मनापासून, एकाच घावात नारळ फोडला होता. नारळ चांगला पाणीदार निघाला. सगळं पाणी पाटीवर.

हेड ऑफिसचा एक साहेब तिथे पेढे खायला उभा होता. तो म्हणाला, “ह्या लोकांना इथे आणलं कोणी?” एवढंच. बाबा नारळाची दोन भकलं हातात धरून उभे होते. ती त्यांनी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरले. मिल बंद पडेपर्यंत ते पुन्हा त्या मजल्यावर चढले नाहीत.

पाटी पुसली, वाळवली. ती चालली, पण उजवीकडे एक बोटभर जागा कायमची बहिरी झाली. तिथे पेन नेलं, की रेघ तुटायची आणि पुढे गेल्यावर परत लागायची. नवी पाटी मागितली, तर उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

आता बघा मास्तरांची करामत. दुसरा कोणी असता तर पाटी आपटली असती. मी तर नक्कीच आपटली असती. मास्तर दोन दिवस तिच्यासमोर नुसते बसले. मग पहिल्यासारखीच एका दमात वेल ओढली, ती त्या जागी तुटू दिली, आणि त्या तुटक्या जागेत कीबोर्डच्या बाणांनी सरकवत दुसरीकडे काढलेली एक कळी नेऊन बसवली. छोटीशी, किंचित मान वळवलेली, उमलायच्या बेतात असलेली. वेल जणू तिच्यासाठीच थांबली होती. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक काठात त्या जागी ती कळी आली, आणि लोक मिलच्या दुकानात येऊन ‘कळीचा काठ’ मागायला लागले.

हे मी बाबांना शंभरदा सांगितलं. तेव्हा सांगितलं, मिल बंद पडल्यावर सांगितलं, आई गेल्यावर तिची साडी पुढ्यात पसरून सांगितलं. ती साडी बाबांनीच मिलच्या दुकानातून निवडून आणली होती, काठाला हीच कळी. बाबा आपल्या गावच्या बोलीत एकच बोलायचे, “मास्तरांनी आपल्या मनान काढली असतली ती, नारळामुळे नाय. माका समजावू नको. माझ्या हातान मशीन इगाडला, ता इगाडला.”

आणि त्यांनी मशीन ह्या गोष्टीशीच उभा दावा मांडला. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला, तर निखारा दिल्यासारखा खाली ठेवतात. लिफ्टचं बटण दुसऱ्याने दाबायचं. फोन घेऊन दिला, तो ट्रंकेवर नुसता पडून. दसऱ्याला घरात नारळ फोडायची वेळ आली, की बाथरूममध्ये जाऊन बसतात. मग मीच फोडते. गेल्या वर्षी मी दादरला गेलेली असताना ते मोरीत पाय घसरून पडले. फोन हाताच्या अंतरावर. पण नाही! मी येईपर्यंत दुपारभर भिंतीला टेकून बसून राहिले. मी म्हटलं, अहो, एक बटण दाबायचं होतं! तर म्हणाले, “इगाडलो असतो तो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांच्यावर ओरडले, मग मोरीत जाऊन रडले. साचा आवाजावरून ओळखणारा माणूस, एका नारळापायी स्वतःचे हात बाद करून बसला होता. माझं म्हणणं त्यांना पटणार नव्हतं, मी त्यांची मुलगी. मास्तर आता नाहीत. सांगू शकलं असतं ते एकटं मशीन, आणि ते केव्हाच भंगारात गेलं होतं.

पण मास्तरांनी एक गोष्ट माझ्याकडे दिली होती. मिल बंद झाली तेव्हा मशीनवरचं सगळं काम उतरवून घेतलेली एक टेप. ती माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होती. टेपमध्ये काय आहे ते मला ठाऊक होतं, पण ती वाचायची कशावर? मी इंटरनेटवर शोधायला बसले, आणि तिथे मला ही एम्युलेटरवाली मंडळी भेटली.

काय माणसं आहेत हो! कुठल्या कुठल्या देशातली, एकमेकांचं तोंड न बघितलेली. दिवसा पोटापाण्याची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात भंगारात गेलेल्या मशीनचा एकेक सुटा भाग प्रोग्राममध्ये पुन्हा उभा करायचा. फुकट. नुसतं चालतं करून ती थांबत नाहीत. मूळ मशीनमध्ये जी चूक होती ती चूकसुद्धा जशीच्या तशी ठेवतात, कारण जुनं सॉफ्टवेअर त्या चुकीच्या भरवशावर लिहिलेलं असतं. मशीन मुळात जितकं हळू होतं तितकं हळू चालवायचीही त्यात सोय आहे. म्हणजे विचार करा, एवढा वेग हाताशी असताना कोणीतरी बसून हळूपणा घडवलाय. मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

टेप वाचून देणारा एकजण वडाळ्याला सापडला. म्हणाला, ताई, टेप ठीक आहे, पण तिच्या आतला रबरी पट्टा विरघळून गूळ झालाय. त्याने पट्टा बदलला, टेप हळूहळू फिरवली, आणि सगळं पेनड्राईव्हवर देऊन वर म्हणाला, काढल्यावर काय निघालं ते मला पण दाखवा. मी दाखवलं नंतर. पेढेसुद्धा दिले.

मग माझी खरी कसोटी. एम्युलेटर चालू झाला, पण डिझाईनचं सॉफ्टवेअर म्हणालं, मी फक्त माझ्याच मशीनवर चालेन, मशीनचा नंबर सांग. मेलं हटवादी! मी मंडळींना विचारलं. एकाने तासाभरात उत्तर दिलं: बाई, टेपवर परवान्याची फाईल असेल, तिच्यातच नंबर असेल, तोच एम्युलेटरला द्या. दिला. मग सॉफ्टवेअर म्हणालं, परवान्याची मुदत संपली. परत विचारलं. तो म्हणाला, घड्याळ मागे घ्या. मी त्या चौकटीतलं घड्याळ मिल चालू होती त्या काळात नेऊन ठेवलं आणि एंटर मारलं.

करडा पडदा आला. सॉफ्टवेअरची खिडकी उघडली. मी माऊस तिच्यावर नेला आणि एकदम अख्ख्या पडद्याचे रंग भलतेच झाले, हिरव्याचं जांभळं, करड्याचं गुलाबी. बाहेर नेला, परत ठीक. ही त्या मशीनची जुनी खोड! त्याला एका वेळी मोजकेच रंग जमायचे, म्हणून एका खिडकीला रंग दिले, की दुसरीचे विस्कटायचे. आम्ही वैतागून शिव्या घालायचो त्याला. आणि मी लालबागमध्ये माझ्या खिडकीत बसून ती खोड बघून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी ही खोडसुद्धा जपली होती.

मास्तरांच्या सगळ्या फाईली होत्या, तारखांसकट. मी नारळाच्या आधीचा एक काठ उघडला. अखंड वेल. मग दसऱ्यानंतरचा उघडला. वेल आणि कळी. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थरांवर काढतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं, की वरचा थर लपतो, परत दाबलं की दिसतो. मी ते बटण दाबलं आणि वरच्या थरावरची कळी गेली. खाली वेल तुटलेली. पुढची फाईल: कळी लपवली, वेल तुटलेली, त्याच जागी. त्याच्या पुढची, त्याच जागी. मास्तरांनी कळी आपल्या मनाने काढली नव्हती. आधी नारळ फुटला होता आणि मग कळी आली होती, आणि हे आता मी सांगत नव्हते, मशीन सांगत होतं.

“बाबा, जरा इकडे या.”

“कित्याक?”

“एक गंमत दाखवायचीय.”

“थंयसूनच सांग. माका नको तो तुझो लॅपटॉप. इगाडात.”

झालं. इतके महिने गोड बोलले, पण माणूस आहे मी! “बिघडला तर बिघडला!” मी ओरडले. “दुसरा घेईन! दहा घेईन! पण तुम्ही आत्ताच्या आत्ता इथे येऊन बसा, नाहीतर मी आज जेवण करत नाही!” शेजारणीचं दार उघडल्याचा आवाज आला. बाबा काठी टेकत आले आणि स्टुलावर बसले. हात मात्र मांडीखाली.

मी कळीचा काठ उघडला. बाबा पुढे वाकले.

“ह्यो आमचो माल,” ते म्हणाले. “ही कळी तुझ्या आयेच्या साडीर आसा.”

“हो ना? आता बघा.” मी बटण दाबलं. कळी गेली.

बाबांच्या कपाळावर आठी आली. “धागो तुटलो,” ते म्हणाले. मग म्हणाले, “दुसरो दाखय.”

दुसरा दाखवला. तिसरा दाखवला. बाबांनी मांडीखालचा एक हात बाहेर काढला आणि पडद्यावर, तुटक्या जागी, बोट ठेवलं. बोट तसंच ठेवून म्हणाले, “आणखी.” मी फाईल बदलली. तूट बरोबर बोटाखाली. “आधीचो दाखय. दसऱ्याच्या आधीचो.” दाखवला. तिथे बोटाखाली अखंड वेल होती.

बोट त्यांनी वेलीवरून हळूच पुढे नेलं. मग विचारलं, “खंयचा बटण?”

मी दाखवलं. बाबांनी ते बटण दाबलं. कळी गेली. दाबलं, कळी आली. दाबलं, गेली. दाबलं, आली. लहान पोर लाईटचं बटण खेळतं तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“मास्तर माका कधी बोलले नाय,” ते म्हणाले.

“बोलले नाहीत? दर दसऱ्याला माझ्या हाती निरोप धाडायचे, तुझ्या बाबांना एकदा वर घेऊन ये, मला त्यांना काहीतरी दाखवायचंय. तुम्हीच जिना चढला नाहीत!”

बाबा परत पडद्याकडे वळले आणि पडद्यावरच्या कळीला त्यांनी हात जोडले. मला वाटतं, ते हात कळीला नव्हते, मास्तरांना होते.

त्यानंतर ते रोज सकाळी माझ्याआधी स्टुलावर येऊन बसायला लागले. चालू कर गो, म्हणायचे, आणि अक्षरं वर सरकायला लागली, की हात मांडीवर ठेवून बघायचे. कळीचं बटण त्यांचं. मला दाबू द्यायचे नाहीत.

ह्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दादरला फुलबाजारात होते. झेंडूवाल्याशी घासाघीस चालली होती आणि पर्समध्ये फोन वाजला. बघते तर बाबांचं नाव. पुन्हा पडले की काय! मी फोन कानाला लावून ओरडले, “काय झालं? बाबा? काय झालं?”

“काय जावक नाय,” बाबा म्हणाले. “फोन लागता काय, बघी होतंय.”

मी फुलं तशीच हातात धरून उभी राहिले. झेंडूवाला म्हणाला, ताई, घेताय का, मागे लाईन लागलीय.

“आयकतंस मां?” बाबा म्हणाले. “येताना एक नारळ घेवन ये. पाणयाचो बघ. मी फोडतलंय.”

“कुठे फोडणार?” मी विचारलं.

“भायर, उंबऱ्यार,” बाबा म्हणाले. “तू तुझो लॅपटॉप आत नेवन ठेव.”